बांधकाम कामगारांचे प्रशिक्षण : संगणकीय इमारत-प्रतिमान आणि ऊर्जाबचत
(पाटस, ता. दौंड परिसराच्या संदर्भात)

सारांश

इमारतीच्या ऊर्जाबचतीचा विचार सामान्यतः वास्तुविशारद, अभियंता आणि शासकीय संहिता यांच्या पातळीवर केला जातो. प्रत्यक्षात ही बचत साध्य होते किंवा वाया जाते ती बांधकामस्थळी, गवंड्याच्या थापीखाली आणि वायरमनच्या छिन्नीखाली. संगणकीय इमारत-प्रतिमान हे तंत्र इमारतीची सर्व माहिती एकत्र आणते. परंतु ती माहिती कामगाराच्या भाषेत व त्याच्या मापांत पोहोचली नाही, तर तिचा उपयोग कार्यालयापुरताच राहतो. प्रस्तुत लेखात पाटससारख्या निमग्रामीण परिसरातील बांधकाम कामगारांना या दोन विषयांचे प्रशिक्षण कसे देता येईल, याचे विवेचन केले असून महाविद्यालयांच्या भूमिकेचाही विचार केला आहे.

बीजशब्द : बांधकाम कामगार, इमारत-प्रतिमान, ऊर्जाबचत, कौशल्य प्रशिक्षण, ग्रामीण गृहनिर्माण, पाटस.

१. प्रस्तावना

पुणे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गावर, पुण्यापासून साठ-पासष्ट किलोमीटर अंतरावर पाटस हे गाव वसले आहे. पुणे-दौंड लोहमार्गावर त्याचे स्थानक आहे. भीमा सहकारी साखर कारखान्यामुळे गावाचे नाव जिल्ह्याबाहेर पोहोचले. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी येथूनच रोटीच्या घाटाकडे वळते. दौंड तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. मात्र खडकवासल्याच्या कालव्याने आणि भीमा नदीने त्याच्या काही भागात ऊस पिकविला. उसाच्या पैशातून, महामार्गालगतच्या व्यापारातून आणि जवळच्या कुरकुंभ औद्योगिक क्षेत्रातील रोजगारातून या परिसरात पक्की घरे, गाळे, गोदामे व मंगल कार्यालये उभी राहिली. घरकुल योजनांतील लहान घरे त्यांच्या जोडीला आली.

ही बांधकामे करणारा वर्ग कोणता? गवंडी, बिगारी, सेंट्रिंगवाले, सळई बांधणारे फिटर, फरशीवाले, प्लंबर, वायरमन आणि या सर्वांना एकत्र बांधणारा मुकादम किंवा लहान ठेकेदार. यांपैकी बहुतेकांचे शिक्षण कामावरच झालेले असते. बिगारी म्हणून घमेले उचलणारा तरुण काही वर्षांत थापी हाती घेतो, ओळंबा धरावयास शिकतो आणि पुढे स्वतःच ‘मिस्त्री’ म्हणवला जातो. या परंपरेत हातांचे कौशल्य पुढच्या पिढीकडे जाते. परंतु घर का तापते, भिंतीतून उष्णता किती वाहते, पाया खोदण्यापूर्वीच चुका कशा शोधता येतात, या प्रश्नांना तीत स्थान नसते.

दुसरीकडे, बांधकामक्षेत्रात दोन मोठे बदल घडून आले आहेत. पहिला, ऊर्जाबचतीला कायद्याचे पाठबळ मिळाले. दुसरा, कागदी नकाशाची जागा संगणकीय प्रतिमान घेऊ लागले. या दोन्ही बदलांपासून पाटसचा गवंडी दूर राहिला, तर उद्या आपल्याच गावातील बांधकामावर त्याला केवळ बिगारी म्हणून उभे राहावे लागेल, ही शक्यता दुर्लक्षिता येण्यासारखी नाही.

२. ऊर्जाबचतीची संहितात्मक पार्श्वभूमी

भारतात ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ मध्ये संमत झाला आणि मार्च २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची स्थापना झाली. व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ मध्ये प्रसिद्ध झाली व २०१७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ डिसेंबर २०१८ मध्ये जाहीर करण्यात आली. २०२२ च्या दुरुस्ती अधिनियमाने निवासी इमारतीही कायद्याच्या कक्षेत आणल्या. अर्थात, ही तरतूद प्रामुख्याने १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए करारमागणी असलेल्या मोठ्या इमारतींना उद्देशून आहे. पाटस येथील दोन खोल्यांच्या घराला ती लागू होत नाही.

असे असले तरी संहितेतील मोजमाप लहान घरालाही तितकेच उपयुक्त ठरते. उदाहरणार्थ, इको निवास संहितेनुसार छताचे उष्णतावहन-मूल्य, म्हणजेच यू-मूल्य, १.२ वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंशापेक्षा अधिक असू नये. छताच्या वरचे व खालचे तापमान यांत एका अंशाचा फरक असताना एक चौरस मीटर छतातून दर सेकंदास किती उष्णता आत येते, हे या मूल्यावरून कळते. मूल्य जितके कमी, तितके घर थंड.

भारतीय मानक ब्युरोच्या १९८७ च्या एस.पी. ४१ या पुस्तिकेत निरनिराळ्या साहित्याची उष्णतावाहकता दिली आहे. त्या आकड्यांवरून गणित मांडले असता, १२५ मिलिमीटर जाडीच्या आणि खालून गिलावा केलेल्या काँक्रीट स्लॅबचे यू-मूल्य सुमारे ३.२ येते, म्हणजे संहितेच्या मर्यादेच्या अडीचपटीहून अधिक. पुणे परिसरात गळती थांबविण्यासाठी स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा करण्याची पद्धत आहे. तो १०० मिलिमीटर जाडीचा धरला तरी हे मूल्य २.३ च्या आसपासच उतरते. मात्र २५ मिलिमीटर जाडीचा, चांगल्या प्रतीचा उष्णतारोधक थर घातल्यास ते १ च्या जवळ येते.

प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) मधील घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर आहे. तेवढ्याच छताचा हिशेब केल्यास, उन्हाने तापलेली छताची वरची बाजू आणि खोली यांत २० अंशांचा फरक असताना साध्या स्लॅबमधून सुमारे १,६०० वॅट उष्णता आत येते. वैशाखातल्या दुपारी दीड हजार वॅटची शेगडी डोक्यावर पेटलेली असावी, तसाच हा प्रकार होय. रोधक थर असल्यास हाच ओघ ५०० वॅटपर्यंत खाली येतो. हे गणित स्थिर तापमान गृहीत धरून केलेले, म्हणजेच ढोबळ आहे; परंतु तुलना समजण्यास ते पुरेसे आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. ज्या घरात वातानुकूलन यंत्र नाही, तेथे ऊर्जा वाचणार कोणती? विजेच्या देयकात मोठी घट दिसणार नाही, हे खरे. परंतु अशा घरात ऊर्जाबचतीचा अर्थ रात्रीची झोप, आजारी व वृद्धांचे स्वास्थ्य आणि मुलांचा अभ्यास असा होतो. शिवाय आज पंख्यावर भागविणारे कुटुंब उद्या कूलर आणि परवा वातानुकूलन यंत्र घेते. एकदा ओतलेला स्लॅब अनेक दशके तसाच राहतो. त्यामुळे आज झालेली चूक पुढच्या पिढीच्या देयकात उतरते.

३. बचत ठरते ती कामगाराच्या हाती

वरील सर्व आकडे कागदावरचे आहेत. ते प्रत्यक्षात उतरतील की नाही, हे तीन-चार साध्या कृतींवर अवलंबून असते.

पहिली कृती सांध्यांची. हलक्या वायुयुक्त काँक्रीट ब्लॉकची (ज्यांना बाजारात ‘एएसी ब्लॉक’ म्हणतात) उष्णतावाहकता सुमारे ०.१८, तर सिमेंट-वाळूच्या मालाची सुमारे ०.७२ असते, म्हणजे माल ब्लॉकच्या चौपट वेगाने उष्णता वाहून नेतो. ६०० बाय २०० मिलिमीटर दर्शनी मापाचा ब्लॉक १२ मिलिमीटरच्या सांध्याने लावला, तर भिंतीच्या पृष्ठभागापैकी सुमारे साडेसात टक्के भाग मालाचा होतो आणि भिंतीची सरासरी वाहकता सुमारे २२ टक्क्यांनी वाढते. तोच ब्लॉक विशिष्ट चिकट मालाच्या ३ मिलिमीटर सांध्याने लावला, तर वाढ सुमारे ६ टक्केच राहते. वीटकामात वाढलेल्या गवंड्याचा हात जाड सांध्याला सरावलेला असतो; विटेतील लहानमोठा फरक तो मालात जिरवतो. विटेच्या बाबतीत ही सवय हे कौशल्य होते. ब्लॉकच्या बाबतीत तीच सवय दोष ठरते. नकाशात याविषयी काहीही लिहिलेले नसते.

दुसरी कृती छतावरील रोधक थर बसविण्याची. पत्र्यांमध्ये फटी राहिल्या, पाइपाभोवतीची जागा तशीच सोडली, पॅरापेटच्या कडेला तुकडा कमी पडला, अशा कारणांनी केवळ पाच टक्के जागा उघडी राहिली, तरी उष्णतेचा ओघ सुमारे ११ ते १२ टक्क्यांनी वाढतो.

तिसरी कृती छज्जाची. पाटसचा अक्षांश सुमारे १८.४ अंश उत्तर आहे. २१ मार्चच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे ७१.६ अंशांवर असतो. दक्षिणेच्या खिडकीवर ४५ सेंटिमीटर, म्हणजे दीड फुटाचा छज्जा असल्यास त्याची सावली सुमारे १.३५ मीटर खाली येते आणि १.२ मीटर उंचीची खिडकी पूर्ण झाकली जाते. डिसेंबरअखेरीस सूर्य सुमारे ४८ अंशांवर उतरतो व तोच छज्जा अवघी अर्धा मीटर सावली देतो. थंडीत ऊन हवेसे असते, ते आत येते. सेंट्रिंग करताना हा छज्जा ३० सेंटिमीटरचाच धरला गेला, तर मार्चमध्ये खिडकीचा खालचा ३० सेंटिमीटर भाग उन्हात राहतो. पश्चिमेच्या खिडकीवर मात्र असा आडवा छज्जा कितीही काळजीपूर्वक केला तरी फारसा उपयोगी नाही, कारण दुपारनंतरचे ऊन तिरपे व खालून येते. तेथे उभी झडप, झाड किंवा खिडकी लहान ठेवणे हाच उपाय.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य या गावाच्या किंचित उत्तरेकडे असतो. ‘उत्तरेला ऊन येत नाही’ ही पाठ्यपुस्तकी समजूत पाटसला पूर्णपणे लागू पडत नाही.

चौथी कृती वायरमन व प्लंबर यांची. गिलावा झाल्यावर भिंतीत झिरी मारली जाते, स्लॅबला भोक पाडले जाते, जलरोधक व उष्णतारोधक थर फाटतो आणि मग तो जागच्या जागी सिमेंटने बुजविला जातो. दोष कोणा एकाचा नसतो. एकाचे काम दुसऱ्याला आधी दिसत नाही, हे त्याचे कारण होय. याच ठिकाणी संगणकीय प्रतिमानाचे प्रयोजन निर्माण होते.

४. संगणकीय इमारत-प्रतिमान : संकल्पना

‘बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग’, संक्षेपाने ‘बिम’, म्हणजे इमारतीचे केवळ त्रिमित चित्र नव्हे. नकाशात भिंत म्हणजे दोन समांतर रेषा असतात. प्रतिमानात ती ‘भिंत’ म्हणूनच नोंदलेली असते. तिची लांबी, जाडी, साहित्य, उष्णतावाहकता, किंमत, बांधण्याचा दिवस, तिच्यातून जाणारी विजेची नळी, ही सर्व माहिती त्या एका घटकाशी जोडलेली असते. खिडकी एक फूट सरकविली तर भिंतीचे क्षेत्रफळ, विटांची संख्या, सावली आणि खर्च यांचे आकडे आपोआप बदलतात. लांबी-रुंदी-उंची या तीन मितींना वेळेची चौथी आणि खर्चाची पाचवी मिती जोडली जाते. ऊर्जेचा हिशेब त्याच माहितीवर करता येतो.

निरनिराळ्या कंपन्यांच्या संगणक प्रणालींना परस्परांची माहिती वाचता यावी म्हणून ‘आयएफसी’ हे खुले माहिती-स्वरूप विकसित झाले. माहितीची देवघेव कशी करावी, यासाठी आयएसओ १९६५० या मानकाचे पहिले दोन भाग २०१८ मध्ये आले. ब्रिटनने एप्रिल २०१६ पासून केंद्रीय शासनाच्या प्रकल्पांसाठी बिमची दुसरी पातळी आवश्यक केली. महाराष्ट्रात नागपूर मेट्रोने पंचमित बिम प्रणाली अवलंबिली आणि पुढे महामेट्रोच्याच पुणे मेट्रो प्रकल्पातही तिचा वापर झाला. पुणे मेट्रोचा पहिला टप्पा मार्च २०२२ मध्ये सुरू झाला. म्हणजे हे तंत्र पाटसपासून फार दूर राहिलेले नाही.

तथापि, या सर्व उदाहरणांत प्रतिमान हाताळणारे अभियंते आहेत. युरोपीय आयोगाने २०११ मध्ये ‘बिल्ड अप स्किल्स’ हा उपक्रम सुरू केला, त्यामागील कारण येथे लक्षणीय ठरते. २०१० च्या निर्देशानुसार २०२० अखेर नव्या इमारती जवळपास शून्य ऊर्जेच्या करावयाच्या होत्या. परंतु त्या बांधणाऱ्या कामगारांकडे त्यासाठीचे कौशल्य नव्हते. म्हणून प्रत्येक देशाने प्रथम कामगारांच्या कौशल्यातील उणिवांचा अभ्यास केला आणि मग प्रशिक्षणाचा आराखडा तयार केला. नंतरच्या काही प्रकल्पांत बिम आणि ऊर्जाबचत हे विषय एकत्र शिकविले गेले. ध्येय आधी ठरले आणि ते गाठणारे हात नंतर आठवले, हा क्रम आपल्याकडे टाळता येण्यासारखा आहे.

५. महाराष्ट्रातील पूर्वानुभव

कामगारांना नवे तंत्र शिकविण्याचा अनुभव महाराष्ट्राला नवीन नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील जड माळवदे कोसळणे हे प्राणहानीचे प्रमुख कारण ठरले. त्यानंतरच्या पुनर्वसन कार्यक्रमात गवंड्यांना भूकंपरोधक तपशील शिकविण्यात आले. घरदुरुस्तीच्या टप्प्यात ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून काम करू लागल्या व घरमालकांना तांत्रिक बाबी समजावून देऊ लागल्या.

या अनुभवातून दोन गोष्टी लक्षात येतात. एक, केवळ गवंडी प्रशिक्षित करून भागत नाही. खर्च करणाऱ्या कुटुंबाला, विशेषतः घरात अधिक वेळ घालविणाऱ्या स्त्रीला, ते पटावे लागते. दोन, एका गुणाकडे लक्ष देताना दुसरा गुण निसटू शकतो. माळवदाचे घर भूकंपात घातक, पण उन्हाळ्यात थंड होते. त्याच्या जागी आलेल्या पातळ भिंती व उघडा स्लॅब यांनी सुरक्षितता दिली, गारवा मात्र नेला. दौंड तालुक्यातही जुन्या जाड भिंतींकडून पत्रा आणि स्लॅब यांकडे असाच प्रवास झालेला दिसतो.

दुसरा अनुभव प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) मधील ग्रामीण गवंडी प्रशिक्षणाचा. नोव्हेंबर २०१६ मध्ये आरंभ झालेल्या या योजनेत ४५ दिवसांचे, ३६० तासांचे प्रशिक्षण ठेवण्यात आले. प्रशिक्षणार्थी वर्गात न बसता प्रत्यक्ष लाभार्थ्याचे घर बांधत शिकतात व शेवटी मूल्यमापन होऊन प्रमाणपत्र मिळते, हे त्याचे वैशिष्ट्य होय. पुण्यातही क्रेडाईच्या ‘कुशल’ उपक्रमाने बांधकामस्थळीच शिकविण्याची पद्धत स्वीकारली. ‘कामावरच शिक्षण’ या गवंड्यांच्या परंपरेशी ही पद्धत जुळते.

कल्याणकारी तरतुदींचाही येथे उल्लेख करावयास हवा. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये कायदा झाला आणि बांधकाम खर्चावर उपकर बसविण्यात आला. महाराष्ट्रात कल्याणकारी मंडळ २०११ मध्ये स्थापन झाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये चार श्रमसंहिता अमलात आल्याने या कायद्याची जागा संहितांनी घेतली. मात्र कल्याणकारी मंडळ व उपकर यांची तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत कायम आहे. प्रशिक्षणकाळात बुडणाऱ्या मजुरीची भरपाई हा कळीचा प्रश्न आहे आणि या निधीचा विचार त्या अंगाने होणे उचित ठरेल.

६. प्रशिक्षणाची प्रस्तावित रचना

उपरोक्त ३६० तासांच्या अभ्यासक्रमाला जोड म्हणून ६० तासांचा एक पूरक घटक पुढीलप्रमाणे सुचविता येईल.

(अ) मापांपासून नकाशाकडे (१० तास) : गवंडी ओळंबा, गुण्या, पाणसळ आणि दोरी यांच्या साहाय्याने विचार करतो, वाळू-खडी ब्रासमध्ये मोजतो. प्रतिमान मिलिमीटर व घनमीटर बोलते. १०० घनफूट म्हणजे एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर, हा पूल प्रथम बांधला पाहिजे. २५ चौरस मीटरचा १२५ मिलिमीटर जाडीचा स्लॅब म्हणजे सुमारे ३.१ घनमीटर, अर्थात १.१ ब्रास काँक्रीट, हे उत्तर त्याने आधी आपल्या अंदाजाने सांगावे आणि मग प्रतिमानातील आकड्याशी ताडून पाहावे. आपला अंदाज आणि यंत्राचा आकडा जुळतो, हे पाहिल्यावर यंत्राची भीती जाते.

(आ) मोबाइलवर प्रतिमान पाहणे (१६ तास) : कामगाराने प्रतिमान तयार करणे अपेक्षित नाही, ते वाचता आले पाहिजे. आयएफसी स्वरूपातील प्रतिमान दाखविणारी विनामूल्य साधने उपलब्ध आहेत. घर बोटाने फिरविणे, छत बाजूला करून आत पाहणे, भिंत निवडून तिचे साहित्य वाचणे, दोन बिंदूंमधील अंतर मोजणे, नळी व तुळई कोठे आडव्या येतात ते शोधणे, एवढी पाच कौशल्ये पुरेशी आहेत.

(इ) उष्णतेची ओळख (१६ तास) : येथे सूत्रांपेक्षा प्रयोग महत्त्वाचा. उघडा स्लॅब, चुना मारलेला स्लॅब आणि रोधक थर घातलेला स्लॅब यांच्या खालच्या पृष्ठभागाचे तापमान दुपारी तीन वाजता अवरक्त तापमापकाने मोजून फळ्यावर लिहावे. त्याच तीन छतांची तुलना प्रतिमानावर दाखवावी. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवितो, पण धुळीने त्याचा गुण घटतो, म्हणून तो वेळोवेळी नव्याने द्यावा लागतो, अशा व्यवहारी गोष्टी याच ठिकाणी याव्यात.

(ई) प्रत्यक्ष काम (१२ तास) : पातळ सांध्याने ब्लॉकची भिंत, फट न ठेवता रोधक थर, छज्जाचे सेंट्रिंग आणि झिरी मारण्याऐवजी आधीच सोडलेली नळी, ही चार कामे गवंडी, फिटर, प्लंबर व वायरमन यांनी एकत्र करावीत. वेगवेगळ्या कारागिरांना एकाच प्रतिमानाभोवती उभे करणे हाच या घटकाचा गाभा होय.

(उ) तपासणी व नोंद (६ तास) : झालेल्या कामाचे छायाचित्र, मोजलेले माप आणि प्रतिमानातील माप यांतील फरक नोंदविणे. मूल्यमापन लेखी परीक्षेने न करता बांधलेल्या भिंतीवरून करावे. सांधा किती मिलिमीटरचा आहे, याचे उत्तर भिंतच देते.

प्रशिक्षणाचा काळही स्थानिक जीवनक्रमाशी जुळविला पाहिजे. पावसाळ्यात बांधकामे मंदावतात. कारखान्याचा गळीत हंगाम तेव्हा बंद असतो. पालखी पुढे गेल्यानंतरचे आषाढ-श्रावणाचे दिवस वर्गपाठासाठी, तर दिवाळीनंतरचे दिवस प्रत्यक्ष कामासाठी योग्य ठरतात.

७. काही अडचणी व धोके

सर्वांत मोठी अडचण भाषेची. बिम प्रणालीतील आज्ञा, साहित्यांची नावे व अहवाल बहुतांशी इंग्रजीत असतात. कामगारांत मराठीबरोबरच हिंदीभाषक स्थलांतरितही असतात. जोते, गिलावा, दर्जा, कोबा, छज्जा हे शब्द प्रतिमानातील घटकांना जोडणारी शब्दसूची झाल्याशिवाय प्रशिक्षण मुळाशी जाणार नाही. या कामी नवे संस्कृतप्रचुर प्रतिशब्द घडविण्यापेक्षा बांधकामावर चालणारे शब्दच गोळा करणे श्रेयस्कर.

दुसरी अडचण खर्चाची. प्रत्येक लहान घरासाठी स्वतंत्र प्रतिमान परवडणारे नाही. परंतु घरकुलांचे नमुने मर्यादित असतात. ग्रामविकास मंत्रालय, संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि दिल्लीची आयआयटी यांनी ‘पहल’ या संकलनात निरनिराळ्या प्रदेशांना अनुरूप घरांचे नमुने दिले आहेत. अशा चार-पाच नमुन्यांची प्रतिमाने एकदा तयार झाली की ती अनेक घरांना लागू करता येतात. दिशा आणि उतार तेवढे बदलावे लागतात.

तिसरा धोका अधिक खोल आहे. माहितीचे साधन देखरेखीचे साधनही बनू शकते. मापाचा सर्व विचार यंत्राने केला आणि कामगाराने केवळ खुणेवर वीट ठेवली, तर त्याचे कौशल्य वाढण्याऐवजी झिजेल व मजुरी घटेल. म्हणून प्रतिमानात दुरुस्ती सुचविण्याचा मार्ग कामगाराला खुला असला पाहिजे. ‘येथे दार उघडल्यावर जिन्याला अडते’ हे गवंड्याला उभ्या जागी दिसते. ते प्रतिमानात नोंदले गेले, तरच तो त्या माहितीचा भागीदार होतो. तसेच प्रमाणपत्रधारकाच्या दराला वेगळी मान्यता मिळाली नाही, तर प्रशिक्षणाची ओढ टिकणार नाही.

चौथा मुद्दा स्त्री-कामगारांचा. बांधकामावर स्त्रिया मोठ्या संख्येने असतात, पण त्यांच्या वाट्याला बहुधा घमेलेच येते. थापी क्वचितच हाती येते. प्रतिमान वाचणे, मापे तपासणे, तापमान व छायाचित्रे नोंदविणे ही कामे अंगबळावर अवलंबून नाहीत. लातूरच्या संवाद सहायकांनी दाखविलेली वाट या निमित्ताने पुढे नेता येईल.

८. महाविद्यालयांची भूमिका

हा विषय केवळ अभियांत्रिकी महाविद्यालयांचा आहे, असे मानणे योग्य नाही. पदविका व अभियांत्रिकीचे विद्यार्थी खुल्या व विनामूल्य प्रणालींच्या साहाय्याने घरनमुन्यांची प्रतिमाने तयार करू शकतात. भौतिकशास्त्र विभाग तापमानाच्या नोंदी घेऊ शकतो, भूगोल विभाग स्थानिक ऊन-वाऱ्याचा अभ्यास करू शकतो. अर्थशास्त्र विभागाला प्रशिक्षणापूर्वीची व नंतरची मजुरी तपासता येईल. मराठी विभागाने गवंडीकामाची शब्दसूची तयार केली, तर लोप पावत चाललेल्या शब्दसंपत्तीचेही जतन होईल. २०१४ मध्ये सुरू झालेल्या उन्नत भारत अभियानात उच्च शिक्षण संस्थांनी गावे दत्तक घेण्याची तरतूद आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० व २०२३ ची राष्ट्रीय श्रेयांक चौकट यांमुळे अशा क्षेत्रकार्यास श्रेयांक देणेही शक्य झाले आहे. तालुक्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्था, ग्रामपंचायत आणि महाविद्यालय यांनी मिळून एक घर प्रयोगशाळा म्हणून निवडले, तरी कार्याचा आरंभ होऊ शकतो.

येथे देवाणघेवाण एकतर्फी राहणार नाही. ज्या विद्यार्थ्याने पडद्यावर शंभर भिंती उभ्या केल्या, त्याने ओळंब्याने एक भिंत सरळ आणून पाहिली, तर त्याच्या प्रतिमानातील पुष्कळ चुका आपोआप कमी होतील.

९. समारोप

संहिता, प्रतिमान आणि कारागीर या तीन कड्यांपैकी पहिल्या दोन आज बळकट झाल्या आहेत. तिसरी कडी दुबळी राहिली तर साखळी तेथेच तुटते. पाटससारख्या गावात दरवर्षी अनेक छते ओतली जातात आणि त्यांतील प्रत्येक छत पुढील कित्येक उन्हाळ्यांचा निर्णय करून टाकते. हा निर्णय ज्याच्या हातून होतो, त्याला तो कळून-सवरून घेता यावा, एवढीच या प्रशिक्षणाची मूळ भूमिका आहे. त्याची सुरुवात संगणकापासून न होता गवंड्याच्या गुण्या-ओळंब्यापासून झाली, तर नवे तंत्र त्याला परके वाटणार नाही आणि बारा मिलिमीटरचा सांधा तीन मिलिमीटरवर का आणावयाचा, हे तो पुढच्या बिगाऱ्यालाही समजावून देऊ शकेल.